हुकमाचा रस्ता

सोमवार, ४ तारीख

नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. वही ताईने दिली. म्हणाली, राग आला की माणसावर काढू नकोस, हिच्यात काढ, लिहून काढलं की उतरतो. मोठी बहीण असल्यामुळे तिला असं काहीही बोलायची मुभा आहे. मागच्या नोकरीत मी साहेबांच्या दिशेने कीबोर्ड भिरकावला होता, हे तिने अजून मनावर घेतलंय. साहेबांना लागलासुद्धा नव्हता, भिंतीला लागला. नोकरी मात्र गेली. असो. आजपासून मी शहाण्यासारखी वागणार आहे, आणि पहिल्याच दिवशी लिहिण्याजोगा राग काही आलेला नाही, म्हणून आनंदच लिहिते.

घर कंपनीचं आहे. दोन खोल्या, निळ्या रंगाची एकच खिडकी, नळाला धो धो पाणी. खिडकीतून समोर कारखान्याची लांबलचक भिंत दिसते, म्हणजे उशीर झाला तर सबब सांगायला जागाच नाही. नवऱ्याने येताच भिंतीला खिळे ठोकले आणि शीळ घालत सगळे कपडे टांगले. मी सामान लावलं म्हणण्यापेक्षा त्याने लावलं आणि मी सूचना दिल्या.

आम्हा दोघांना एकाच ठिकाणी काम मिळालं याचं मला अजून खरं वाटत नाही. मी नेटवर्क बघणार, तो प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या यंत्रावर. इथे पत्र्याचे डबे आणि झाकणं बनतात. तो चौदा वर्षं प्रेस चालवतोय आणि त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. त्या धंद्यातल्या लोकांना हे सांगितलं की ते आदराने बघतात. लग्न झाल्यापासून तो रोज कामावरून आला की दारात दोन्ही पंजे समोर धरतो आणि म्हणतो, दहा. मी म्हणते, मोजले. मगच घरात घेते. वेडेपणा आहे, पण एकही दिवस चुकलेला नाही.

मुलाखतीत इथल्या साहेबांनी कामाचं फारसं विचारलंच नाही. एकच विचित्र प्रश्न होता, तुम्हाला राग येतो का. मी म्हटलं, छे. बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की वॉचमन चौकशीला आला.

बुधवार, ६ तारीख

काम समजलं. समजावलं वायरमनकाकांनी. हे इथले सगळ्यात जुने माणूस, कानात पेन्सिल, बोलताना माणसाकडे न बघता भिंतीकडे बघतात.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. एका बाजूला लांब काच, तिच्यातून खालचा सगळा हॉल दिसतो. दुसऱ्या बाजूला रॅकमध्ये नेटवर्कचा मुख्य स्विच, म्हणजे सगळे निरोप वाटणारी पेटी. काका तिला थोरली म्हणतात. खाली हॉलच्या भिंतींवर तेरा लोखंडी पेट्या, त्या धाकट्या. प्रत्येक प्रेसची केबल जवळच्या धाकटीत जाते आणि प्रत्येक धाकटीची एकच केबल वर थोरलीकडे येते. धाकट्यांना स्वतःची अक्कल नाही. शेजारशेजारच्या दोन प्रेसना एकमेकींशी बोलायचं असलं तरी निरोप आधी वर थोरलीकडे येणार, ती ठरवणार आणि मग तो खाली जाणार. दोन जावा एकाच ओट्याशी उभ्या आहेत आणि मीठ मागायचं तरी सासूबाईंमार्फत, असा प्रकार. काकांना हे ऐकवलं तर त्यांनी भिंतीकडे बघूनच मान हलवली.

त्या एका केबलमध्ये दोन रस्ते आहेत. एक हुकमाचा, एक मालाचा. हुकमाच्या रस्त्याने थोरली धाकटीला सांगते की काय करायचं, कोणाचं कोणाला द्यायचं. मालाच्या रस्त्याने प्रत्यक्ष निरोप ये-जा करतात. काकांनी एक गोष्ट दोनदा बजावली. हुकमाचा रस्ता तुटला तरी मालाचा चालू राहतो, आणि धाकटी शेवटचा हुकूम धरून बसते. नवा येईपर्यंत तेच करत राहते. तसं नसतं तर प्रेस अर्ध्यात अडकून माणसाचा हात चिरडला असता. मला ही सोय फार शहाणपणाची वाटली.

कामावर बसायचं तर टेबलावरच्या काचेवर पंजा ठेवून लॉगिन करावं लागतं. काच बर्फासारखी गार आहे.

हॉलच्या कोपऱ्यात पॅकिंगला नऊ माणसं बसतात. नऊही जणांना डावा हात मनगटापासून नाही. मी काकांना विचारलं, तर म्हणाले गेल्या वर्षीचं आहे, आणि चहाला निघून गेले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, धंदाच तसा आहे. मग त्याने पंजे दाखवले आणि मी मोजले.

शुक्रवार, ८ तारीख

आज एक गंमत सापडली. थोरलीच्या यादीत धाकट्या चौदा आहेत. खाली जाऊन मी दोनदा मोजल्या, भिंतीवर तेराच. चौदावीवर जोडणीचे बासष्ट पोर्ट, सगळे हिरवे, सगळीकडे माल चालू. प्रेस मात्र चाळीसच आहेत.

बासष्टाव्या पोर्टची नोंद मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची आहे. नवऱ्याने गेटवर पहिल्यांदा अंगठा लावला तो त्याच वेळी. हॉलमध्ये माणसं किती, तर त्याला धरून बासष्ट. हजेरीचं काहीतरी असणार. पण यादीच्या डोक्यावर, हुकूम देणारा म्हणून, माझं नाव आहे. माझ्या आधी पाच नावं खोडलेली. मी हुकूम द्यायला बसले आहे हे मला कोणी सांगितलंच नाही.

सोमवार, ११ तारीख

आज अक्षर वाकडं येतंय, समजून घ्यावं.

जेवणाची सुट्टी होताच मुकादमाने नवऱ्याला सगळ्यांसमोर झापलं. पत्रा तिरका लागला म्हणे. तिरका लागला नव्हता, मी वरून बघत होते. नवरा खाली मान घालून उभा आणि हा बोट नाचवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात आलं, याच्या थोबाडावर एक ठेवून द्यायला हवी कोणीतरी.

खाली प्रेसना तेल घालणारा ऑइलवाला भिंतीला टेकून डबा खात होता. गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने घास डब्यात ठेवला, झाकण लावलं, पाना उचलला, वीसेक पावलं चालत गेला आणि मुकादमाच्या तोंडावर मारला. दात झाकणांच्या ट्रेमध्ये पडले, त्यांचा आवाज मला काचेतून वर आला. मुकादम खाली बसला तरी याचा हात चालूच होता, चादर झटकावी तसा. चेहऱ्यावर काही नाही. मग हात थांबला. त्याने पान्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला विचारलं की हे कोणी केलं.

मुकादमाला दवाखान्यात नेलं. जबडा दोन ठिकाणी तुटलाय. मला एक क्षण बरं वाटलं होतं, ते इथे लिहून ठेवते. ताई म्हणाली होती, सगळं लिही.

मंगळवार, १२ तारीख

टेबलाचा खण अडकला. अर्धा तास ओढतेय, हलायला तयार नाही. आत माझा डबा, पोटात कावळे ओरडतायत. शेवटी मी मूठ वळली आणि मनात म्हटलं, फोडूनच टाकते याला.

खालून एक आवाज आला. एकच, पण अख्ख्या इमारतीला हादरा बसला. काचेतून पाहिलं. हॉलमधल्या सगळ्याच्या सगळ्या माणसांनी समोर जे होतं त्यावर मूठ मारली होती. लोखंडावर, खांबावर, पत्र्याच्या कडेवर. एकाची दोन बोटं पत्र्याने कापली गेली आणि तो ती जमिनीवर शोधत होता. रडत नव्हता, किल्ली शोधावी तसा शोधत होता. मग सगळे एकदमच ओरडायला लागले.

मी नोंदी उघडल्या. दोन वाजून सतरा मिनिटं, हुकूम, माझ्या नावाने, चौदावी धाकटी, सर्व पोर्ट. सोमवारचीही नोंद आहे. बारा वाजून पन्नास मिनिटं, पोर्ट तेवीस. हजेरीच्या यादीत तेविसावा ऑइलवाला आहे.

संध्याकाळी नवऱ्याने दारात पंजे धरले. दहा आहेत. उजव्या हाताची तीन सोललेली आणि सुजलेली. त्याला आठवत नाही कशी. मी मोजले म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

बुधवार, १३ तारीख

काकांना जिन्यात गाठलं. आधी उडवाउडवी केली, मग खाली बसले आणि भिंतीला सगळं सांगितलं.

चौदावी धाकटी हॉलच्या फरशीखाली आहे, काँक्रीटमध्ये. हॉल बांधायच्या आधीपासून. कोणी पुरली ते काकांना माहीत नाही. हॉलमधल्या माणसाने गेटवर अंगठा लावला की तो तिच्यावर चढतो; काका स्वतः कधीच लावत नाहीत. वर काचेवर पंजा ठेवतो तो हुकूम देणारा होतो. मग त्याच्या मनात जे उसळेल ते केबलने खाली जातं आणि कोणाच्या तरी हातातून बाहेर पडतं. हुकूम देणारा घरी असो, बाजारात असो, फरक पडत नाही. दुसऱ्या कोणी काचेवर पंजा ठेवेपर्यंत तोच.

साहेबांना माहीत आहे. वर खुशीतला माणूस बसवला की हॉल दुप्पट पळतो, म्हणून तर तो प्रश्न विचारतात. माझ्या आधीचा फार शांत माणूस होता. मग त्याची बायको वारली. त्याने कामावर चकार शब्द काढला नाही, फक्त एका दुपारी त्याच्या मनात आलं की आपला डावा हातच गेला. त्याच क्षणी खाली नऊ जणांनी आपापला डावा हात प्रेसखाली ठेवला आणि पायाने पेडल दाबलं. बाकीच्यांची पाळी यायच्या आत काकांनी वर धावत जाऊन त्याचं डोकं रॅकवर आपटलं. तो शुद्धीवर आलाच नाही.

मी विचारलं, मग ती केबल उपटून टाकायची. काका म्हणाले, त्याच्याही आधीच्याने उपटली होती. अख्खा हॉल जमिनीवर पडला, श्वाससुद्धा बंद. पुन्हा जोडेपर्यंत सहा जण गेले.

मला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्हाला राग आला असता.

गुरुवार, १४ तारीख

डोकं शांत ठेवायचं. आधी नवऱ्याला यातून काढायचं, बाकी जगाचं नंतर बघू. मी स्वार्थी आहे, असू दे.

साहेबांकडे गेले. गोड बोलले. यांना पाठदुखी आहे, हॉलमधून काढून गोदामात द्या म्हटलं. साहेबांनी एका शब्दाने विचारलं नाही. लगेच सही केली आणि म्हणाले की तुम्ही खूश राहा म्हणजे झालं. माझ्याकडे बघताना ते हसत होते, पण खुर्ची त्यांनी मागे सरकवून घेतली होती. मी म्हटलं, मला सोडायचंय. ते म्हणाले, नक्की, माणूस मिळाला की, महिनाभरात.

तासाभरात यादीतून बासष्टावा पोर्ट गेला. एकसष्ट राहिले. माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याच क्षणी खालच्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी ऐकला.

शनिवार, १६ तारीख

दोन दिवस मी खूश आहे. कानात गाणी, टेबलावर फूल, मनात एकही वाकडा विचार नाही. काही मोडलं नाही, कोणाला खरचटलं नाही. माल दुप्पट निघाला म्हणून साहेबांनी वर मिठाई पाठवली.

काचेतून खाली बघवत नाही. मी हसले की माझं तोंड डावीकडे जरा जास्त वर जातं, लहानपणी पडले होते तेव्हापासून. खाली सगळी तोंडं डावीकडे वर गेलेली असतात. ऑइलवालाही तसाच हसतो. तो पाच दिवसांत कोणाशी बोललेला नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. नवरा फुगून बसलाय. चौदा वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाला पेट्या मोजायला बसवलं, तेही बायकोच्या शब्दावरून, आणि त्याला न विचारता. पंजे दाखवतो, पण दहा म्हणत नाही. मी तरी मोजते.

सोमवार, १८ तारीख. सकाळी

भांडण झालं. त्याला सगळं खरं सांगितलं. फरशीखालची पेटी, नऊ हात, सगळं. तो ऐकत राहिला आणि शेवटी हसला. म्हणाला, तुझ्या रागाने जग चालतं असं तुला आधीपासूनच वाटतं.

त्याच्यासाठी जीव टाकतेय आणि हा हसतोय. डबा न घेता निघाले. वहीत लिहून उतरवते म्हणून इथे वरच्या खोलीत बसलेय, पण उतरत नाहीये. असं वाटलं की याच्या मुस्काटात

थांब. थांब, वेडे.

सोमवार, ११ वाजून ५ मि.

नवरा यादीत नाही. मी विसरले. ज्याच्यासाठी हुकूम आहे तो यादीत सापडला नाही तर थोरली तो माल सगळ्यांकडे सोडते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं हे. सगळ्यांना सांगते, तुमच्याजवळ असेल त्याला द्या.

प्रत्येकाने शेजारच्याच्या तोंडावर मारलं. हातात जे होतं त्याने. मुकादम आजच टाके घेऊन परत आला होता, चौघांच्या मधोमध उभा होता. त्याचा चेहरा आता चेहरा राहिलेला नाही. आणखी दोघं हलत नाहीत. साहेब गेटला कुलूप लावून गाडीत बसून निघून गेले, मी पाहिलं. काका खाली होते. पंपाजवळ त्यांची पेन्सिल पडलीय, आणि तिच्याजवळ ते.

हे मी केलं. मी, वर खुर्चीत बसून.

सोमवार, ११.२०

आता माझ्याकडून काहीच खाली जाता कामा नये. केबल उपटायची नाही, ती चूक मी करणार नाही. फक्त हुकमाचा रस्ता बंद करायचा. मालाचा राहू दे, म्हणजे श्वास चालू राहतील. स्क्रीनवरून दोन बटणांचं काम आहे.

बंद केला. काकांकडे बघत बंद केला. त्यांच्याकडे बघताना मनात आलं की मलाच धरून ठेचून मारायला पाहिजे. आणि बटण दाबलं.

सोमवार, ११.२४

शेवटचा हुकूम.

धाकटी शेवटचा हुकूम धरून बसते. दोनदा बजावलं होतं त्यांनी. दोनदा.

खाली सगळे उठलेत. पडलेले दोघं आणि मुकादमसुद्धा, फुटलेल्या तोंडांनी. वर बघतायत. सगळे माझ्या काचेकडे.

सोमवार, ११.२८

दार लावलं. लोखंडी आहे. टेबल दाराला टेकवलं, रॅकचं झाकण काढून तेही लावलं. जिन्यात पावलं, घाई नाही, शाळा भरल्यावर पोरं वर्गात जातात तशी.

हुकमाचा रस्ता पुन्हा उघडला. पण चौदावी सगळी नोंदणी पहिल्यापासून करतेय. एकेक पोर्ट, एकेक माणूस. शेवटच्याची नोंद होईपर्यंत नवा हुकूम कोणालाच जात नाही. एकसष्टला अकरा मिनिटं. आता सहा झालेत.

सोमवार, ११.३१

दारावर पहिला घाव. मग एक आवाज. त्याचा. नवऱ्याचा. गोदामातून धावत, त्यांच्यातून घुसून वर आला असणार. तो यादीत नाही — एकटा तोच यादीत नाही. त्याला म्हटलं, पळ. तो म्हणाला, आता कसला पळतो, कडी सोडू नकोस.

तो दाराला पाठ लावून उभा आहे. मला पत्र्यातून त्याची पाठ कळतेय. बावीस.

त्याने विचारलं, किती वेळ. मी सांगितलं, सात मिनिटं. तो म्हणाला, सात मिनिटं काय, उभं राहू.

११.३३

मारतायत. तोही मारतोय. पाना पडल्याचा आवाज, हाड — कसला आवाज आहे तो मला माहीत आहे, नाही लिहीत. तो माझं नाव घेत नाही. शिव्या देतोय. खणखणीत. देत राहा, ऐकू येऊ दे.

एकतीस. लवकर, बये. लवकर.

११.३५

म्हणाला, ऐक, खरं होतं तुझं सगळं. म्हणाला, हसलो म्हणून —

सदतीस

दार आत वाकलंय. तो अजून उभा आहे. कसा उभा आहे.

११.३६

बेचाळीस. शिव्या थांबल्या. पाठ दारावरून खाली घसरली, सावकाश, कोट खुंटीवरून घसरतो तशी.

ते त्याच्यावर थांबले नाहीत. तो त्यांच्या वाटेत होता, एवढंच. मधे आलेली वस्तू. अजून मारतायत.

सत्तेचाळीस

११.३९

एकसष्ट.

सगळे हिरवे. एकसष्ट.

घाव थांबले. दाराबाहेर एकसष्ट माणसांचा श्वास, माझ्या श्वासाबरोबर. मी रोखला की ते रोखतात.

हुकूम आता माझ्या हातात आहे. मनात जे येईल ते जाईल. स्वतःचा राग आला तर ते दार तोडतील. रडू आलं तर खाली प्रेसकडे जातील, हात द्यायला. म्हणून लिहितेय. ताई म्हणाली होती, लिहिलं की उतरतो. नीट अक्षरात लिहायचं, पहिल्या दिवशी लिहिलं होतं तसं. घराला निळी खिडकी आहे. नळाला धो धो पाणी आहे. त्याने खिळे ठोकले आणि शीळ घालत कपडे टांगले.

या लोकांचा दोष नाही. ऑइलवाला गरीब आहे. एकसष्ट घरं आहेत, एकसष्ट जणांची वाट बघणारं कोणीतरी आहे. त्यांनी नाही मारलं. माझ्या हुकमाने मारलं. शांत. मी शांत आहे. ते शांत आहेत.

दाराखाली बोटभर फट आहे. तिच्यातून रक्त आत आलंय, टेबलाच्या पायापर्यंत. ते बघायचं नाही.

११.४२

फटीतून त्याचे पंजे आत आले आहेत. दोन्ही. मला दाखवायला सरकवले असणार त्याने, पडल्यावर, शेवटचे. दारात धरतो तसे.

मोजायला हवेत. एकही दिवस चुकलेला नाही.

एक. दोन. तीन. चार.

पाच. सहा.

बाहेर कोणाच्या तरी बुटाखाली बाकीची

मला राग येत नाहीये. मला राग येत नाहीये. लिहिलं की उतरतो. मी खूश आहे, साहेब, मी — सहा — चौदा वर्षं दहा होती, चौदा वर्षं, आणि यांनी — नाही, यांनी नाही — मला राग येत नाहीये, मला रा